टॅक्सीवेवर फोडलेला कोहळा

विमान हवेत असतं तेव्हा मला काही काम नसतं. ते जमिनीवर असतं तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागलेला असतो. लोकांना हे उलटं वाटतं. लग्नकार्यात कुणी विचारलं, आपण काय करता, आणि मी सांगितलं की तंजावूरच्या बाहेर त्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांच्या जमिनीवरच्या सुरक्षेचं बघतो, की समोरचा हसतो. जमिनीवर कसली आलीय भीती, पडणार कुठे? पूर्वी मी समजावून सांगत असे. आता पानातला अप्पळम, म्हणजे पापड, मोडत बसतो.

आमची विमानं छोटी, दोन माणसं बसतील एवढी. शेडपासून धावपट्टीपर्यंत ती आपल्याच चाकांवर चालत जातात. त्या चालण्याला टॅक्सी करणं म्हणतात आणि त्या डांबरी वाटेला टॅक्सीवे. आमचा टॅक्सीवे जेमतेम अर्धा किलोमीटर. पण अकरा वर्षांत त्या अर्ध्या किलोमीटरवर मी काय काय बघितलं! पिसारा फुलवून मधोमध उभा राहिलेला मोर, शेडच्या खांबाला घासलेला पंख, मागून वारा लागल्यावर शेपूट उचलणारं विमान, चाकाखालची लाकडी पाचर न काढता ‘हे हलत का नाही’ म्हणून इंजिन वाढवत बसलेला विद्यार्थी. कुरुवै भाताची कापणी झाली की शेजारचे शेतकरी टॅक्सीवेच्या टोकाला भात वाळत घालतात. त्यांचंही खोटं नाही, एवढी सपाट, कोरडी, फुकटची जागा आमच्या मुलखात दुसरी कुठे आहे? मी ओरडत जातो, ते गोण्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशी परत पसरतात. भातावर मैना येतात, मैनांमागे मांजर येतं, आणि मला घाम फुटतो.

सगळ्यांत वाईट म्हणजे बारीकसारीक वस्तू. या विमानांचा पंखा नाकावर असतो आणि फिरताना त्याचं पातं जमिनीपासून वीतभरच वर असतं. धावपट्टीवर जाण्याआधी टॅक्सीवेच्या टोकाला विमान उभं करून इंजिन जोरात फिरवून बघतात. त्या वेळी पंखा खालची हवा ओढतो, आणि हवेबरोबर खडा, खिळा, स्क्रू, जे असेल ते. पात्यावर तांदळाएवढी खाच पडली तरी तिथून तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेलं पातं वर गेल्यावर तुटलं तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून रोज सकाळी पहिल्या उड्डाणाआधी कुणीतरी टॅक्सीवे या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालायचा, सापडेल ते उचलायचं आणि वहीत सही करायची, असा नियम. ते कुणीतरी म्हणजे मी.

हे मी देवनागरीत लिहितोय. वडिलांनी कान पिळून शिकवली म्हणून येते. राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत घरोघर मराठी बोलतात, पण ही लिपी वाचणारे दोघं-तिघंच उरलेत, आणि त्यांतल्या एकाला मोतीबिंदू झालाय. धावपट्टीवर तर कुणालाच येत नाही. तेव्हा इथे खोटं लिहायचं मला काही कारण नाही.

गोष्ट गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची आहे. त्याच दिवशी तमिळ लोकांची आयुधपूजा. आमच्या घरी विळी, शिवणयंत्र, माझं पेन आणि बायकोचा मिक्सर यांना गंध लावतात. धावपट्टीवर विमानांना लावतात. पंख्याला झेंडूची माळ, प्रत्येक चाकाखाली लिंबू, शेडच्या दाराला केळीचे खुंट. शेवटी सगळ्या जागेची दृष्ट काढायची, म्हणजे कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू-हळद आणि चिल्लर भरायची, वर कापूर पेटवायचा, ओवाळायचं आणि कोहळा फोडायचा. फोडायचा तो तिठ्यावर किंवा चव्हाट्यावर, नाहीतर दृष्ट जात नाही. हे मी नाही, आमचा म्हातारा मेकॅनिक म्हणतो, आणि त्याच्या शब्दाबाहेर आमच्याकडे कुणी नाही.

इतकी वर्षं कोहळा फाटकाबाहेरच्या रस्त्यावर फोडत होते. आतली चिल्लर फाटकाशी बसणारी फुलवाली अर्ध्या मिनिटात वेचून घ्यायची, एक नाणं मागे राहायचं नाही. पण आदल्या वर्षी त्या लाल चिखलावरून एका बाईंची स्कूटर घसरली आणि त्यांचं मनगट मोडलं. मी सुरक्षेचा माणूस. मी लगेच कागद काढला, यापुढे सार्वजनिक रस्त्यावर कोहळा फोडू नये. खाली माझी सही. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

“मग फोडायचा कुठे, सार?” त्या दिवशी मेकॅनिकने हातात कोहळा धरून विचारलं. “शेतात फोडून चालत नाही. तिठा पाहिजे.”

माझे गुडघे सकाळपासून ठणकत होते. बासष्टावं वय, दर नोव्हेंबरला एक-एक वर्षाने वाढणारी नोकरी, आणि दिवसभर विमानांना गंध लावत उभं राहणं. मी इकडे-तिकडे बघितलं. आमच्या हद्दीत तिठा एकच होता, टॅक्सीवे धावपट्टीला मिळतो तो. मीच बोट दाखवलं. जिथे पंखा सगळ्यांत जोरात ओढतो, नेमकी तीच जागा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अकरा वर्षं मीच ते दुसऱ्यांना शिकवत आलोय. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त स्कूटर होती.

मेकॅनिकने भोक पाडलं, कुंकू भरलं आणि माझ्याकडे बघितलं. वडीलधारा म्हणून चिल्लर घालायचा मान माझा. हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला, आणि असेल तेवढी नाणी मी आत टाकली. कोहळा छान फुटला. मेकॅनिकने दोन बादल्या पाणी ओतलं, फोडी गवतात ढकलल्या, नाणी वेचून माझ्या हातात दिली. आम्ही सगळे चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल खायला शेडमध्ये परत आलो.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. नवीन काही सुरू करायचं तर आमच्याकडे तोच दिवस. आमच्या एका विद्यार्थिनीचं पहिलं एकटीने उड्डाण त्या दिवशी ठरलं होतं. पापनाशमची पोर, रोज पहाटेची बस धरून यायची. आई शाळेत शिकवते, वडील नाहीत. घर आमच्यासारखंच मराठी. मी मराठीत काही बोललो की तिला सगळं कळायचं, पण उत्तर तमिळमध्ये यायचं आणि शेवटी ‘सार’. कुंपणाबाहेर तिची आई हातात गोड पोंगलचा डबा घेऊन उभी होती. उड्डाण झालं की वाटायचा होता.

त्या सकाळी मी टॅक्सीवे चाललो. म्हणजे निम्मा चाललो. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आमच्याकडे बरोबर मध्यावर आहे. तिथपर्यंत गेलो, गुडघ्यात कळ आली, थांबलो. पुढची वाट तिथूनच बघितली. काल पाण्याने धुतलेली, अगदी लख्ख. परत फिरलो आणि वहीत सही केली. सही नेहमीसारखीच आली.

मुख्य प्रशिक्षक तिच्याबरोबर एक फेरी मारून आले, खाली उतरले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि बाजूला झाले. ती एकटी विमान घेऊन निघाली. मी शेडच्या सावलीत उभा होतो. ती अगदी हळू गेली, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने, जसं मी शिकवलं होतं तसं. टोकाला पोहोचून तिने नाक वाऱ्याकडे वळवलं. तेही बरोबर. इंजिनचा आवाज चढला, आणि मग टण्ण असा एक आवाज आला. मोठा नव्हता. स्वयंपाकघरात उलथनं पडावं तेवढाच. पण मी ओळखला.

तिने लगेच इंजिन बंद केलं. त्या वयात, तसल्या दिवशी, पुष्कळांनी दुर्लक्ष केलं असतं. आम्ही धावत गेलो. पात्याच्या कडेला खाच होती, तांदळाहून मोठी. मुख्य प्रशिक्षकांनी पातं बघितलं, मग खाली चाक बघितलं. पुढचं चाक मधल्या पिवळ्या रेषेपासून हातभर बाजूला होतं, खडीच्या कडेजवळ.

“रेषा का सोडलीस?” ते म्हणाले. “खडीवर नाक नेलंस. आईकडे बघत होतीस ना?”

 ती आत बसूनच होती, दार उघडं, दोन्ही हात मांडीवर. मी वाकून कडेची जमीन बघत होतो आणि गवतात मला ते दिसलं. वाकलेलं नाणं. अजून लाल होतं. मी ते उचललं. सगळ्यांसमोर दाखवायलाच उचललं, असं मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगून बघितलं. पण हात वर आला नाही, खिशाकडे गेला.

तिचं उड्डाण थांबवलं. शिस्तीत बसत नाही, टॅक्सी करताना लक्ष नसतं, चौकशीचा कागद होईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही, आणि कागदात चूक तिचीच निघाली तर नाव कमी. तिची आई डबा तसाच घेऊन तिच्याबरोबर परत गेली. चौकशीचा कागद तीन दिवसांत द्यायचा होता, आणि त्यातला ‘कारण’ हा रकाना भरायचा होता मी.

घरी बायकोने शर्ट धुवायला घेतला. “हें कसलें नाणें? वाकडें होऊन गेलें कीं,” ती म्हणाली. “कुंकू लागलेंय. देवापुढें ठेवतें.” आणि तिने ते देव्हाऱ्यात ठेवून दिलं, बाळकृष्णाच्या पायाशी.

तीन दिवस मी मूग गिळून बसलो. सकाळी अंघोळ करून हात जोडायला गेलो की समोर ते. मनात हिशेब चालायचा, आणि तो सगळा माझ्याच बाजूने. पोर तरुण आहे, दुसरीकडे शिकेल. मला नोव्हेंबरात घरी बसवलं तर मी काय करणार? चूक माझी एकट्याची कुठे, कोहळा मेकॅनिकचा. मग आठवायचं की बोट माझं, चिल्लर माझी, सही माझी. मला स्वतःची किळस यायची आणि किळस येऊनही मी सकाळची फिल्टर कापि पिऊन कामावर जायचो. आमच्या पेशात म्हणतात, दमलेल्या माणसाने विमानाजवळ जाऊ नये. दमलेल्या माणसाने कुठे जावं, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली, स्कूलचे हेडफोन परत करायला. टेबलावर ठेवले, वहीत नोंद केली, आणि जाताना माझ्याकडे बघून थांबली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. नुसती बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग “वरेन् सार” म्हणून गेली. येते, म्हणजे निघते.

त्या दुपारी मी स्कूटर काढून घरी गेलो, देव्हाऱ्यातून नाणं उचललं आणि परत आलो. मुख्य प्रशिक्षकांच्या टेबलावर ठेवलं. सांगितलं, पूजेच्या दिवशी कोहळा तिथे फोडायला मी सांगितलं, चिल्लर मी घातली, मुलीची काही चूक नाही, तिने वाऱ्याकडे नाक वळवलं ते नियमाला धरूनच. हे सगळं खरं सांगितलं.

“हे सापडलं कधी?” त्यांनी विचारलं.

“आज,” मी म्हणालो. “गवतात.”

“आणि त्या सकाळी टॅक्सीवे चालला होतात?”

“चाललो होतो. नजरेतून सुटलं असेल.”

ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, होतं असं. वय झालं की डोळे दगा देतात. कागदात त्यांनीच लिहिलं, पूजेचं साहित्य टॅक्सीवेवर राहून गेलं, पुढे काळजी घ्यावी. मला रागावलेसुद्धा नाहीत. एवढ्या पगारात एवढी पायपीट करायला दुसरं कोण येणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. नोव्हेंबरात माझं मुदतवाढीचं पत्र वेळेवर आलं.

मुलीला फोन करून कळवा, असं ते म्हणाले होते. मला फोन करवेना. त्याच दिवशी मी बसने पापनाशमला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना रस्त्यावर भात पसरलेला, बस त्यावरूनच जात होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. घर शोधायला वेळ लागला नाही. आईने आत बोलावलं, कापि दिली. मी मुलीला सांगितलं, तुझ्यावर काही ठपका नाही, सोमवारपासून ये. सगळं नीट सांगितलं, मुख्य प्रशिक्षकांना सांगितलं तसंच. आज गवतात सापडलं, हेसुद्धा.

मुलगी दारात उभी होती. अकरा महिन्यांत माझ्याशी कधी मराठी न बोललेली ती पोर थांबत-थांबत, शब्द शोधत म्हणाली, “मामा, तुमी तें उचलून खिशांत घाटलें. मीं बघिटलें. मीं आंतच बसलीं होतीं कीं.”

 माझ्या हातातला कापिचा डबरा, ती पितळी वाटी, मला खाली ठेवता येईना.

“मग बोलली का नाहीस?” मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

तिने आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती. “मीं अम्माला सांगिटलें,” मुलगी म्हणाली. “अम्मा म्हणाली, ते आपले मनुष्य. तेच सांगतील. तूं थांब.”

तीन दिवस थांबल्या होत्या दोघी. मी उठलो, काहीतरी पुटपुटलो, आई म्हणाली असू द्या, झालें तें झालें. मग तिने आतून एक डबा आणून माझ्या हातात दिला, घरी घेऊन जायला. माझ्यावर ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. तो अजून गरम होता.

सोमवारी ती आली. त्याच आठवड्यात तिचं एकटीचं उड्डाण झालं, आणि उतरलीही सुरेख. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ती माझ्याशी नीट वागते. समोर आली की वणक्कम म्हणते, आणि आता मला ‘मामा’ म्हणते, सगळ्यांदेखत. मेकॅनिकने एकदा कौतुकाने विचारलंसुद्धा, काय सार, नातं निघालं वाटतं?

कोहळा या वर्षी फाटकाच्या आत फोडला, नाण्यांशिवाय, कडेच्या वाळूच्या पाटीत. दृष्ट गेली की नाही ते मेकॅनिकलाच ठाऊक. मी आता रोज पूर्ण चालतो. गुडघे कितीही दुखोत, वाऱ्याच्या पिशवीपाशी थांबत नाही, टोकापर्यंत जातो, परत येतो आणि मगच सही करतो. सही करून मान वर केली की ती पोर मला दिसते. वही टेबलावर उघडी असते, सही ओली असते, तिला दिसतही असते. ती आपली बॅग शेडच्या भिंतीशी ठेवते आणि टॅक्सीवेवर निघते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली बघत, एकटी.